गढूळ पाण्याचा हिशेब

संदेष्टा यहेज्केल याच्या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात परमेश्वर मेंढपाळांना खडसावतो, हे आपणांस ठाऊक आहे. त्याच अध्यायात पुढे तो मेंढरांनाही जाब विचारतो, तिकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. धष्टपुष्ट मेंढरे स्वच्छ पाणी पितात आणि उरलेले पायांनी गढूळ करतात. दुबळ्यांच्या वाट्याला ते गढूळ पाणी येते. पाणी पिणे हा येथे दोष नाही. मागून येणाऱ्याचा विचार न करणे, हा दोष आहे.

वसईत जूनमध्ये पहिली मोठी सर कोसळते, तेव्हा हा उतारा आठवतो. आठ महिने अंगणात, रस्त्यावर आणि बाजारात जे साचले, ते सारे ती सर उचलते: वाहनांतून गळलेले तेल, मासळीबाजारातील घाण, वाडीतल्या फवारणीचा अंश, लग्नसमारंभानंतर कुंपणापलीकडे लोटलेल्या पत्रावळी व पेले. गटारात गेलेले पाणी पुढे कोठेतरी शुद्ध होत असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. पावसाळी गटाराचे तसे नसते. त्यातले पाणी नाल्यात जाते, नाला खाडीला मिळतो आणि खाडी समुद्राला. मध्ये कोणी ते गाळत नाही. त्यात शौचकूपाच्या टाकीचे पाणी त्याच गटारात सोडण्याची वाईट खोड अनेक ठिकाणी जडली आहे. मग पावसाचे पाणी आणि मैला यांत भेद तो काय उरला?

आपल्या पूर्वजांनी या पाण्यासाठी बावखले राखली होती. पावसाचे पाणी तेथे विसावत असे, गाळ तळाशी बसत असे, पाणी जमिनीत मुरून विहिरींना मिळत असे. आणि रहाटाने वर आलेले पाणी केळी-पानवेलींना जाई. अनेक बावखले बुजली आणि त्यांवर घरे व इमारती उभ्या राहिल्या. हे सारे परक्यांनी केले, असे म्हणण्याची सोय नाही; कित्येक खरेदीखतांवर आपल्याच आडनावांच्या सह्या आहेत. जुलै २०१८मध्ये वसई पाण्याखाली गेली, तेव्हा पाणी आपली जुनी जागा शोधत होते, असे कोणी म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे पाप आहे काय? असल्यास कोणाचे? गंभीर पापासाठी गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती या तीन गोष्टी लागतात, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. हे माप लावले तर सगळेच निर्दोष सुटतात. एका घरची पिशवी ती काय आणि एका गॅरेजमधले वाटीभर तेल ते काय! खाडी दूषित करण्याची इच्छा तर कोणाचीच नव्हती. तरी खाडी दूषित झाली आहे.

जुन्या नीतिशास्त्राला हा पेच अपरिचित नव्हता. थोडे थोडे चोरणाऱ्याची प्रत्येक चोरी क्षुल्लक असते. मग एकूण रक्कम कितीही मोठी झाली तरी ती परत करण्याची गंभीर जबाबदारी त्याच्यावर नाही, असे मत सतराव्या शतकात काही जण मांडीत. पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली ते मत निषिद्ध ठरवले. क्षुल्लक चोऱ्यांची बेरीज होते, हा निर्वाळा महत्त्वाचा आहे. अर्थात तो एकाच माणसाच्या अनेक चोऱ्यांविषयी होता. अनेक माणसांच्या एकेका क्षुल्लक कृतीचा प्रश्न अधिक अवघड आहे. माझ्या मते त्याचे उत्तर जाणिवेत आहे. शेजाराची शंभर घरे तेच करीत आहेत, हे ज्याला दिसते, त्याची पिशवी एकटी राहत नाही. आपण कशात भर घालीत आहोत, हे जाणूनच तो ती टाकतो. १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथाने सृष्टीचा आदर हा विषय ‘चोरी करू नको’ या सातव्या आज्ञेखाली घेतला आहे, तो उगाच नव्हे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात घरातल्या लहानसहान सवयींना स्थान दिले.

चोरी म्हटली की चोरी कोणाची झाली, हे सांगावे लागते. खाडीच्या मुखाशी, पाचूबंदरला, आपलेच कोळी बांधव राहतात. त्यांच्या जाळ्यात मासळीबरोबर आपण टाकलेले प्लास्टिक येते. ते निवडण्यात वेळ जातो, जाळी फाटतात. मिस्सेत एकाच वेदीभोवती बसणाऱ्यांपैकी एकाचा कचरा दुसऱ्याच्या होडीत जातो, असा हा व्यवहार आहे.

गटारे साफ करणे पालिकेचे काम आहे, आम्ही कर भरतो, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे आणि पालिकेला तसे ठणकावून विचारलेही पाहिजे. रसायने सोडणारा कारखाना आणि पिशवी टाकणारी गृहिणी यांना एकाच तराजूत तोलणे हाही अन्यायच होईल. पण दुसऱ्याचे मोठे ऋण दाखवून आपले लहान ऋण फिटत नाही.

आणि ऋण म्हटले की परतफेड आली. नुसता पश्चात्ताप पुरत नाही. घेतलेले परत करावे लागते, हे संत थॉमस अक्विनास यांनी स्पष्ट केले आहे. येथे ज्याचे देणे आहे तो कोळी बांधव ओळखीचा आहे आणि परतफेडीचा महिनाही ठरलेला आहे: मे. टाकीची गटाराला जोडलेली नळी बंद करणे, शिल्लक असलेल्या बावखलातला गाळ काढणे, दारासमोरचे गटार उपसणे. उपसलेला गाळ मात्र त्याच दिवशी उचलून न्यावा. तो गटाराच्या काठावर ठेवला, तर पहिली सर त्याला पुन्हा आत ढकलते.