हिशेब करणारा विश्वास

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत प्रभूनें बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दाखला दिला आहे. तो मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करतो. दाखला शिष्यत्वाविषयींचा आहे हें खरें. तथापि त्यांतील शहाणपण रोग्याच्या खाटेपाशींहि उपयोगी पडतें. एखाद्या वृद्ध बंधूस प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग आहे असें कळलें, म्हणजे घरांत दोन पक्ष होतात. मुलगे म्हणतात, शेत विकूं, पण उद्यांच शस्त्रक्रिया करूं. दुसरे म्हणतात, प्रार्थना पुरे. डॉक्टरांकडे जाणें हा अविश्वास. दोघांचाहि दोष एकच : बसून हिशेब करण्यास कोणीच तयार नाहीं.

घाई कधीं धर्म असते, कधीं केवळ भीति. सन २०२१ च्या एप्रिल महिन्यांत वांगणी स्टेशनावर एका दृष्टिहीन मातेचें मूल रुळांवर पडलें आणि समोरून गाडी येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके यांनीं धांवत जाऊन त्यास वांचविलें. तेथें विचार करीत उभें राहणें पाप झालें असतें. या रोगांतहि तसे प्रसंग येतात. लघवी अगदीं बंद झाली, अथवा पाठ दुखून पायांतील शक्ति जाऊं लागली, तर त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. परंतु ग्रंथीच्या आंतच असलेला सौम्य रोग बहुधा वर्षानुवर्षें हळूहळू वाढतो. तेथें विचारासाठीं कांहीं आठवडे घेतल्यानें सहसा हानि होत नाहीं.

हिशेबाचा आरंभ तपासण्यांपासून करावा. रक्ताच्या पीएसए तपासणीचा आंकडा वाढला म्हणजे कर्करोगच आहे असें नव्हे. ग्रंथि सुजल्यानें किंवा वयपरत्वें मोठी झाल्यानेंहि तो वाढतो. ग्रंथीचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावरच रोग आहे कीं नाहीं व तो किती उग्र आहे हें ठरतें. पुढील प्रत्येक तपासणीपूर्वीं डॉक्टरांस नम्रपणें विचारावें, "हिचा निकाल कांहींहि आला तरी उपचार तोच राहणार काय?" तोच राहणार असेल, तर ती तपासणी खरोखर हवी काय हेंहि विचारावें.

उपचारांचा हिशेब याहून कठीण आहे. ब्रिटनांत १९९९ सालापासून पुढें, ज्यांचा रोग ग्रंथीबाहेर गेला नव्हता अशा १,६४३ पुरुषांचे, चिठ्ठ्या टाकाव्या तसे, तीन गट केले. एकावर शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्यास किरणोपचार मिळाले, तिसऱ्यावर केवळ नियमित देखरेख ठेविली व गरज दिसल्यास उपचार केले. सुमारें पंधरा वर्षांचा निकाल २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत या रोगानें मेलेले शेंकडा तीनच्या आसपासच होते. मात्र देखरेखीच्या गटांत शेंकडा नऊ जणांचा रोग दूर पसरला. इतर दोहोंत शेंकडा पांच. उलट शस्त्रक्रियेनंतर लघवी गळणें व दांपत्यसुखास मुकणें हीं दुःखें अधिक आढळलीं, आणि किरणांनीं कांहींस आंतड्यांचा त्रास झाला. म्हणजे कोणताच मार्ग विनामूल्य नाहीं. कोणतें मूल्य द्यावयाचें एवढेंच निवडावयाचें असतें.

आपल्याकडे पुष्कळजण हाडें दुखूं लागल्यावरच येतात. त्यांस हा हिशेब लागू नाहीं. पुरुषत्वाचा रस कमी केल्यानें असा पसरलेला रोग मागें हटतो, हें चार्ल्स हगिन्स यांनीं १९४१ सालीं दाखविलें. त्याच सालीं परळचें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. आतां हें इंजेक्शनांनीं होतें, अथवा वृषण काढण्याच्या एका लहान शस्त्रक्रियेनें होतें. शस्त्रक्रियेस खर्च थोडा, पण ती परत फिरवितां येत नाहीं; इंजेक्शनें थांबवितां येतात, पण तीं वारंवार घ्यावीं लागतात. ही निवड मुलांनीं बापाच्या पाठीमागें करावी काय? शरीर त्याचें, लाज त्याची, उरलेले दिवस त्याचे. म्हणून त्यास रोगाचें नांव न सांगणें ही माया नव्हे. प्रीतीनें व त्यास सोसेल अशा रीतीनें सत्य सांगावें, आणि निर्णय त्याच्या हातीं ठेवावा.

मग विश्वासाचें काय? आसा राजा पायांच्या रोगांत वैद्यांकडे गेला म्हणून दोषी ठरला असें कित्येक म्हणतात. परंतु त्यानें देवास सोडून वैद्यांस धरलें, हा त्याचा दोष. हिज्कीया राजानें अश्रु ढाळून प्रार्थना केली, ती ऐकली गेली. तरीहि यशयानें त्याच्या गळवावर अंजिरांची चांदकी बांधावयास सांगितलीच. पौलाचा प्रिय सोबती लूक स्वतः वैद्य होता.

देखरेखीचा मार्ग निवडणाऱ्यानें एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. जागें राहून वाट पाहणें निराळें, आणि डोळे मिटून वाट पाहणें निराळें. नेमलेल्या तारखेस रक्त तपासावयास जो जात नाहीं, त्याची देखरेख नव्हे, हयगय होय. वांगणीहून परळास जाऊन येण्यांत मजुराचा एक दिवस बुडतो. तो दिवस मंडळीनें वांटून घ्यावा. कोणी भाडें द्यावें, कोणी सोबत जावें. उपदेशकांनीं या रोगाची लाज मोडावी, पण रोग्याचें गुपित कधींहि मोडूं नये. रविवारच्या प्रार्थनेंत त्याचें नांव घेण्यापूर्वीं त्याची परवानगी घ्यावी, आणि सोमवारीं त्याच्या घरीं जाऊन कागद-पेन्सिल घेऊन त्याच्यापाशीं बसावें. असा हिशेब करणें हें विश्वासाचेंच काम होय.