लागलेली भूक आणि सुटलेली खा-खा

"काका, भूक हा सगळा मनाचा खेळ असतो. पाणी प्या." जिममधला ट्रेनर हे बोलला तेव्हा मी 80 किलोच्या बारवर वाकून धापा टाकत होतो. गेल्या महिन्यात सहज उचललेलं वजन त्या दिवशी जमीन सोडायला तयार नव्हतं. वयाने निम्मा आणि दंडाने दुप्पट असलेल्या पोराने 'काका' म्हणावं, याचं दुःख वेगळं. पण 'मनाचा खेळ' मात्र माझ्यासोबत घरी आला.

कॅलरी कमी करा, प्रथिनं वाढवा, वजनं उचलत राहा, म्हणजे चरबी जाते आणि स्नायू टिकतात, हे आता शेजारच्या काकूंनाही पाठ आहे. त्यावर माझा वाद नाही. माझा प्रश्न रात्री साडेदहाचा आहे: तेव्हा जे खावंसं वाटतं, ती भूक की नुसती खा-खा?

या प्रश्नाचा निवाडा मराठीने कधीच करून ठेवलाय, अशी माझी समजूत होती. आपल्याकडे भूक 'लागते'. तहान लागते, झोप लागते, तशी. खा-खा मात्र 'सुटते'. खाज सुटते तशी, आणि पुढे यथावकाश पोट सुटतं. लागते ती गरज, सुटते ती चैन. 'भुकेला कोंडा' ही कसोटीही तयारच आहे. कोंडा चालत असेल तर भूक, चिवडाच हवा असेल तर खा-खा. या हिशेबाने ट्रेनर निदान निम्मा बरोबर ठरत होता, कारण रोज रात्री मी चिवड्याच्या डब्याचं झाकण आवाज न करता उघडत होतो आणि वरचे शेंगदाणे नि खोबऱ्याचे काप वेचून खात होतो. डब्यात नुसते पोहे उरले, तेव्हा घरात चौकशीही झाली.

त्याने माझा बटाटा बंद केला होता, हा दुसरा राग. इथे जरा रेंगाळतो. 1995 साली सिडनीच्या संशोधकांनी 38 पदार्थ, प्रत्येकी साधारण 240 कॅलरींचे, लोकांना खायला घातले आणि पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतं ते मोजलं. पांढऱ्या पावाला 100 गुण धरले. क्रोसाँला 47 मिळाले, उकडलेल्या बटाट्याला 323. पहिला नंबर त्याचाच! उपासाला बटाटे उकडून वर जिरं-मिरची घालणाऱ्या माझ्या आजीला हा निकाल सांगितला असता, तर यात नवल ते काय, असं तिने विचारलं असतं. ट्रेनरला सांगितला. "बटाटा म्हणजे कार्ब्ज," तो म्हणाला. झालं.

मग एका रात्री मी कोंड्याची कसोटी खरंच लावून पाहिली. चिवडा बाजूला ठेवला आणि सकाळची ज्वारीची भाकरी घेतली. गार, कडेला कडक झालेली, सोबत मीठसुद्धा नाही. दोन घासांत कंटाळा येईल असं वाटलं होतं. ओट्याला टेकून मी अख्खी भाकरी संपवली आणि भाकरीच्या डब्याच्या तळाशी पडलेले तुकडे बोटाने टिपले. तीन आठवडे जिला खा-खा म्हणून हिणवत होतो, ती भूकच निघाली.

तेव्हा मला मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग आठवला. 1945 साली अ‍ॅन्सेल कीज यांनी तिथे 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात शस्त्र धरणार नाही म्हणून सरकारसमोर उभी राहिलेली ही मुलं. मनोनिग्रहात माझ्यापेक्षा कितीतरी वरची. तीही पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटं चाटू लागली. त्यांना दिवसाला मिळत होत्या सुमारे 1570 कॅलरी. माझ्या आहाराच्या तक्त्यावर आकडा होता 1500. त्यांच्या ताटात बटाटेही भरपूर होते, म्हणजे माझा सिडनीचा विजयही तिथेच आटोपला. बटाटा दुपार निभावून नेतो, महिने नाही.

ट्रेनर म्हणेल, ती पोरं मुळातच सडपातळ होती, तुमच्याकडे साठा आहे. आहे, कबूल. पण खाणं एकदम तोडलं की चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक चरबीपेक्षाही झपाट्याने उतरतं. साठा किती उरलाय हे मेंदू बघत बसत नाही, घसरण दिसली की तो ओरडायला लागतो. म्हणजे माझा लाडका भेदही गेला. लागलेली भूक फार दिवस दाबून ठेवली, की तीच एका रात्री सुटते आणि चिवडा मागते. मनाचा खेळ म्हणणाऱ्याचं इतपत मान्य की खेळ मनात चालतो. पण तो मांडलेला असतो पोटाने.

तक्ता मी 1900 वर नेला. रात्रीच्या जेवणात दोन उकडलेले बटाटे आणि वाटीभर दही आलं. वजन आता आठवड्याला पाव किलोच्या आसपास उतरतं, बार पुन्हा जमीन सोडतो, आणि चिवड्याचा डबा त्याच फळीवर आहे.

ट्रेनर सध्या शरीरसौष्ठव स्पर्धेसाठी खाणं तोडून आहे. दोन सेटच्या मधल्या वेळात तो मोबाइलवर मिसळीचे व्हिडिओ बघतो.