कुंभाराचे गाढव आणि उड्डाणाचे कारण

छोट्या विमानाचे उड्डाण फार थोड्या वेळाचे असते. थ्रॉटल पुढे सारल्यापासून हजार फुटांची उंची गाठेपर्यंत सेसना १७२ सारख्या चार आसनी विमानाला दोनेक मिनिटे लागतात. या दोन मिनिटांत काही बिघडले, तर कारण म्हणून कशाकडे बोट दाखवायचे? प्रश्न वरवर पाहता यंत्रज्ञांचा वाटतो, पण न्यायशास्त्र, म्हणजे नैयायिकांचे तर्कशास्त्र, वाचलेल्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटेल. नैयायिकांचा आवडता दृष्टान्त घड्याचा. घडा होतो मातीचा, घडवतो कुंभार, त्याला चाक आणि दंड लागतो. पण घडा होण्याआधी तिथे आणखी एक प्राणी हजर असतो, तो म्हणजे माती वाहून आणणारे गाढव. मग गाढवही घड्याचे कारण का मानू नये? नैयायिक म्हणतात, मानू नये. माती दुसऱ्या कशावरूनही आणता आली असती आणि घडा तसाच झाला असता. गाढव ‘अन्यथासिद्ध’ आहे. जे आधी होते ते सगळेच कारण नसते.

विमान अपघाताच्या चौकशीत पुरावा गोळा करण्यापेक्षा गाढवे वेगळी काढण्याचेच काम अधिक असते. बाहेरून तीन उत्तरे ठरलेली येतात: इंजिन बंद पडले, वैमानिक चुकला, नशिबात होते. तिन्हीत थोडे तथ्य असते आणि तिन्ही उत्तरे शोध लवकर थांबवतात.

इंजिनापासून सुरुवात करावी. एरवी तासन्‌तास बिनबोभाट चालणारे इंजिन नेमके विमान जमिनीवरून उचलल्यावरच कसे बंद पडते? यात दैवाचा हात दिसावा, असाच हा योग आहे. पण त्याचे उत्तर पुष्कळदा नळीत सापडते. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून विमान रात्रभर उभे राहिले, तर आतल्या दमट हवेतले पाणी टाकीच्या भिंतींवर धरते आणि ओघळून तळाशी जाते. पाणी पेट्रोलपेक्षा जड. सकाळी इंजिन सुरू होते ते नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये आधीपासून असलेल्या चांगल्या इंधनावर. तेवढे इंधन धावपट्टीपर्यंत जायला आणि इंजिनाची चाचणी घ्यायलाही पुरू शकते. मग पूर्ण शक्ती लावली की इंधनाचा ओघ वाढतो, नाक वर होते आणि तळाचे पाणी इंजिनाकडे खेचले जाते. इंधनाची तोटी चुकून बंद राहिली, तरी गणित जवळजवळ तेच. काळाचा हा मेळ कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी तसा दिसतो, पण इथे काकतालीय न्याय लागू नाही. इंजिनाने तीच घटका निवडावी, याला कारण आहे.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. उड्डाणापूर्वी टाकीच्या तळाच्या झडपेतून थोडे इंधन पारदर्शक नळकांड्यात काढून उजेडात धरायचे. छोट्या विमानांचे नेहमीचे पेट्रोल फिकट निळे असते. पाणी असेल तर तळाशी बिनरंगी थेंब वेगळा दिसतो आणि नळकांडे हलवले की डुलतो. नळकांड्यातले सगळे द्रव्य बिनरंगी दिसले तर अधिकच सावध व्हावे. कदाचित ते सगळे पाणीच असते.

इंजिन बंद पडले म्हणून विमान कोसळलेच पाहिजे, असे मात्र नाही. इंजिनाशिवायही सेसना तरंगत खाली येऊ शकते, फक्त तिला वेग लागतो. चढताना नाक वर असते. शक्ती गेली की काही सेकंदांत वेग ओसरतो. पंखाचा हवेशी होणारा कोन साधारण १६ अंशांच्या पुढे गेला की पंखावरून हवेचा प्रवाह सुटतो. यालाच स्टॉल म्हणतात. तो टाळायला नाक खाली दाबावे लागते, म्हणजे जमीन अंगावर येत असताना जमिनीकडेच तोंड करावे लागते. शरीर याला तयार होत नाही. हात नाक उचलणारा दांडा मागे ओढतात. दुसरी ओढ मागच्या धावपट्टीची. ती सुरक्षित जागा नुकतीच डोळ्यांआड झालेली असते, म्हणून वळून तिच्यावर उतरावेसे वाटते. पण अर्धे वर्तुळ वळून विमान धावपट्टीवर येत नाही, तिच्या बाजूला समांतर येते. धावपट्टी गाठायला आणखी वळावे लागते, मग उलटे वळून सरळ व्हावे लागते, आणि आता वारा पाठीमागून असतो. ४५ अंश कलून वळताना स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. तीनशे फुटांवरचे हे वळण गिरकी घेत जमिनीवर संपते. समोर जे शेत, माळ किंवा झुडपे असतील त्यांत सरळ उतरणाऱ्याचे विमान मोडते, पण माणसे वाचण्याचा संभव पुष्कळ असतो. प्रशिक्षक हे पहिल्या काही धड्यांतच सांगतात. तरीही माणसे वळतात. समजणे आणि वळणे यांतले अंतर गीतेच्या वाचकाला नवे नाही. इच्छा नसतानाही माणूस कोणाच्या बळजोरीने तसे करतो, असे अर्जुन तिसऱ्या अध्यायात विचारतोच.

उष्ण हवा हे याहून गुपचूप काम करणारे कारण. हवा तापली की विरळ होते आणि विमानाला आपण उंचावर आहोत असे वाटू लागते. ठोकताळा असा की प्रमाण तापमानापेक्षा प्रत्येक अधिक अंशाला सुमारे १२० फूट धरावेत. दख्खनच्या पठारावर दोन हजार फूट उंचीच्या मैदानाचे प्रमाण तापमान ११ अंश. मे महिन्यात ४० अंश असताना तेच मैदान विमानाच्या लेखी साडेपाच हजार फुटांवर जाते. साध्या इंजिनाची सुमारे सहावा हिस्सा शक्ती तिथे गळते, आणि धावपट्टी तर सकाळी होती तेवढीच राहते. त्यात जमिनीलगत, पंखांच्या लांबीएवढ्या उंचीपर्यंत, हवेचा अडथळा कमी होतो. त्यामुळे विमान अपुऱ्या वेगातही उचलले जाते. हा उसना आधार असतो. थोडे वर गेले की तो संपतो आणि विमान ना चढते ना वेग घेते. समोर झाडे असतात.

कर्तेपणाचा प्रश्न सर्वांत चोख दिसतो तो खुर्चीच्या उदाहरणात. जुन्या सेसनांची पुढची खुर्ची रुळांवर मागेपुढे सरकते आणि रुळाच्या भोकात खीळ बसून अडकते. वर्षानुवर्षांच्या वापराने भोके झिजून लांबट होतात. खीळ बसल्यासारखी वाटते, पण बसलेली नसते. पूर्ण शक्तीने विमान धावू लागले, नाक वर झाले की खुर्ची मागे घसरते. पाय रडरवरून सुटतात आणि वैमानिक पकडायला हाताशी असलेला दांडाच धरतो, तो मागे ओढला जातो, नाक आणखी उठते. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने १९८७ मध्ये हे रूळ आणि खिळी तपासणे सक्तीचे केले, ते यासाठीच.

इथे दांडा कोणी ओढला? हात वैमानिकाचा होता, पण पाणिनीच्या व्याकरणात कर्त्याचे लक्षण ‘स्वतंत्र’ असणे हे आहे, आणि त्या क्षणी वैमानिक स्वतंत्र नव्हता. घसरत्या खुर्चीने त्याचा हात वापरला. व्याकरणाच्या भाषेत तो कर्ता उरला नाही, करण म्हणजे साधन झाला. मग कर्ता सापडतो तो पाच मिनिटे मागे, विमानात बसताना. खुर्ची पुढेमागे हिसडून खिळीचा ‘खट्’ ऐकायला तो मोकळा होता. उड्डाणात स्वातंत्र्य उंचीच्या उलट प्रमाणात असते. हँगरपाशी ते पूर्ण असते. अर्ध्या धावपट्टीपर्यंत उचलण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नाही तर थांबावे, असा वैमानिकांचा आडाखा आहे. तिथपर्यंत ते शिल्लक असते. दोनशे फुटांवर त्यातला नाक खाली दाबण्याएवढाच तुकडा उरतो. दोष मात्र लोक जिथे स्वातंत्र्य सर्वांत कमी असते तिथेच ठेवतात, कारण डोळ्यांना दिसते ते तेवढेच.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर अधिष्ठानाचा अर्थ देह करतात आणि दैवाचा अर्थ इंद्रियांच्या देवता. डोळ्याला सूर्य साहाय्य करतो, या अर्थाचे ते दैव आहे. ‘नशीब’ हा बाजारी अर्थ त्यात नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ही चौकट उड्डाणावर ठेवली तर ती ताणावी लागत नाही. विमान आणि धावपट्टी हे अधिष्ठान. इंजिन, दांडा, रडर ही करणे. इंधनाचे वाहणे, पंखावरून हवेचे सरणे या चेष्टा. वारा, ऊन आणि ढग हे दैव. पुढे गीता म्हणते की जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही. या विधानाचा आधार घेऊन जबाबदारी झटकण्याची प्रथा जुनी आहे, पण ती वाचनाची चूक आहे. पाचांत एकटा कर्ताच असा आहे जो उरलेल्या चौघांची विचारपूस करू शकतो. टाकीतले पाणी वैमानिकाला विचारत नाही.

११ एप्रिल १९९६ रोजी अमेरिकेतील वायोमिंग राज्याच्या शायेन विमानतळावर हे पाचही एकत्र आले. सात वर्षांची जेसिका डब्रॉफ देश ओलांडणाऱ्या सर्वांत लहान वैमानिकेचा मान मिळवायला निघाली होती. सोबत वडील आणि प्रशिक्षक. आदल्या दिवशी कॅलिफोर्नियातील समुद्रकाठच्या हाफ मून बे येथून निघालेले सेसना १७७ विमान आता सहा हजार फुटांहून उंच मैदानावर होते. वजन मर्यादेपेक्षा चाळीसेक किलो जास्त. वादळ विमानतळावर येऊन ठेपलेले. विमान पावसात उडाले, वळताना वेग गेला, स्टॉल झाले आणि तिघेही गेले. विमान प्रशिक्षकाच्या हाती होते, असा चौकशीचा निष्कर्ष होता. म्हणजे जिच्या वयावरून जगभर वाद झाला त्या मुलीचे वय या अपघातात जवळजवळ गाढवाच्या जागी होते. चौकशी मंडळाने मुख्य कारण म्हणून वादळात, जास्त वजनाने आणि सवय नसलेल्या विरळ हवेत उडण्याचा निर्णय नोंदवला. आणि सहायक कारण म्हणून अवास्तव वेळापत्रक पाळण्याची इच्छा नोंदवली, जिच्यामागे काही अंशी प्रसारमाध्यमांना दिलेल्या वेळा होत्या.

अपघाताच्या सरकारी अहवालात इच्छेला कारण म्हणून स्थान मिळणे विशेष आहे. गीतेच्या शब्दांत ती फलासक्ती. फलासक्ती इंजिनाला स्पर्श करत नाही, हवा विरळ करत नाही. ती एवढेच करते की थांबणे नुकसानीचे वाटू लागते, आणि समोरचा ढग असतो त्यापेक्षा लहान दिसतो. टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा विचार एकाच प्रकरणात केला, तो या दृष्टीने योग्यच होता. विपाक सुरू झाल्यावर स्वातंत्र्य शोधण्यात अर्थ नसतो. ते त्याआधीच वापरायचे असते.

अशा चौकश्यांचा उद्देशही या विचाराशी जुळतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टानुसार अपघाताची चौकशी पुढचे अपघात टाळण्यासाठी असते, दोष वाटण्यासाठी नव्हे. तिची सर्वांत टिकाऊ फळे कागदाच्या तुकड्यावर मावतात. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतील राइट फील्डवर बोइंगचे मॉडेल २९९ हे मोठे बाँबफेकी विमान उडताच सरळ वर गेले, स्टॉल झाले आणि कोसळले. दोघे मरण पावले. यंत्र निर्दोष होते, वैमानिक निष्णात होता. उभ्या विमानाचे सुकाणू वाऱ्याने हलू नये म्हणून लावलेले कुलूप काढायचे राहिले होते. त्यानंतर उड्डाणापूर्वीची चेकलिस्ट रूढ झाली. आजही सेसनामध्ये शिकणारा विद्यार्थी धावपट्टीवर जाण्यापूर्वी खुर्चीला हिसडा देतो, मग दांडा चारही टोकांना फिरवतो आणि खिडकीतून मान वळवून पंखावरचा पत्रा खरोखर हलतो आहे का, ते पाहतो.