गोट्याच्या पोटावरचा चुना

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात लॉस्ट रिव्हर नावाची डोंगररांग आहे. तिच्या पायथ्याच्या चराऊ रानात कुठंही गुडघाभर खड्डा खणला आणि भिंतीतला एखादा गोटा अलगद काढून हातात उलटा केला, तर त्याची वरची बाजू स्वच्छ राखाडी दिसते आणि पोटाला पांढरा, खरबरीत लेप असतो. शेजारचा गोटा काढा, तोही तसाच. सगळ्या गोट्यांना खालूनच पांढरं का, या एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला तर त्या जमिनीचं जवळजवळ सगळं चरित्र हाती लागतं, असं मला वाटतं.

आधी तिथला मुलूख पाहू. ही रांग प्रामुख्याने चुनखडक आणि डोलोमाइटची, पुराजीव महाकल्पातल्या समुद्रतळावर साचलेल्या थरांची. तिच्या घळींतून उतरणाऱ्या ओढ्यांनी पायथ्याशी दगडगोट्यांचा गाळ पंख्याच्या आकारात पसरून ठेवला आहे. खोऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटर. वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून पाणी पडतं ते जेमतेम 200 ते 250 मिलिमीटर. हिवाळा लांब आणि कडक, उन्हाळा छोटा आणि कोरडा. नद्याही अशा की बिग लॉस्ट आणि लिटल लॉस्ट या दोघी समुद्राला मिळतच नाहीत, दक्षिणेच्या लाव्हाच्या पठारावर पोचून जमिनीत जिरून जातात.

जिरणं हाच इथला मुख्य व्यवहार. बर्फ वितळतो, मे-जूनचा पाऊस पडतो आणि पाणी खाली सरकू लागतं. मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वासातून मातीच्या पोकळ्यांत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. तो पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं आणि ते चुन्याला विरघळवून सोबत नेतं. थंडीचा हात इथं लागतो. थंड पाण्यात हा वायू अधिक विरघळतो, म्हणून थंड पाणी गरम पाण्यापेक्षा जास्त चुना वाहू शकतं. भर हिवाळ्यात मुळं निजलेली, वायू कमी. वसंतात मात्र जमीन अजून गार, ओल भरपूर आणि मुळं जागी झालेली, असे थोडे आठवडे मिळतात. त्या आठवड्यांत चुना प्रवासाला निघतो.

पण हा प्रवास लांबचा नसतो. कोकणातल्या पावसात चुना कधीच धुऊन नदीत गेला असता. इथं पाणी हात-दोन हात खाली उतरतं आणि संपतं. मुळं ते ओढून घेतात, ऊन माती तापवतं, वायू निसटतो. गोट्याच्या वरच्या बाजूवरून पाणी ओघळून गेलेलं असतं, पण पोटाशी त्याचा पातळ पापुद्रा लोंबकळत राहतो आणि तिथंच सुकतो. मागं उरतो तो चुना. बंबाच्या तळाला जो क्षार बसतो तोच हा, फक्त बंबात तो काही महिन्यांत बसतो आणि इथं हजार वर्षांत त्याची जाडी एक मिलिमीटरही भरत नाही.

म्हणजे पांढरा थर ज्या खोलीवर दाट होतो, ती त्या जमिनीतल्या पाण्याची नेहमीची शेवटची पायरी. एखाद्या ओल्या वर्षी पाणी तिच्याखाली जातही असेल, पण शतकानुशतकांची सरासरी तिथं नोंदलेली असते. मूळचे स्विस असलेले मृदाशास्त्रज्ञ हान्स जेनी यांनी 1941 च्या आपल्या ग्रंथात अमेरिकेच्या मधल्या मैदानांबाबत हेच दाखवलं: कोरड्या भागातून पावसाळी भागाकडे जावं तसतसा चुन्याचा थर खोल खोल उतरत जातो. पर्जन्यमापक कालपरवाचे, तर ही नोंद कित्येक हजार वर्षांची.

लॉस्ट रिव्हरच्या पायथ्याला या हिशेबात आणखी एक गोष्ट मिसळते: दगड. अशा जमिनीत बऱ्याचदा घनफळाचा तिसरा हिस्सा, कधी अर्ध्याहून अधिक, गोट्यांनी व्यापलेला असतो. गोटा पाणी धरत नाही, ते फक्त मधल्या मातीत मावतं. समजा निव्वळ मातीत वितळलेला बर्फ 30 सेंटिमीटर भिजवतो. तेच पाणी अर्धे दगड असलेल्या जमिनीत जवळपास 60 सेंटिमीटरपर्यंत उतरेल. दगडाळ म्हणून आपण जिला नापीक ठरवतो, ती जमीन तुटपुंजं पाणी उन्हाच्या तावडीतून काढून खाली लपवते. खोल मुळाच्या झुडपांना ते मिळतं, उथळ मुळाच्या गवताला कमी. पृष्ठभागावरचे गोटे वाऱ्यालाही अडवतात.

चुन्याची दुसरी बाजू कठोर आहे. मातीचा सामू 8 च्या आसपास राहतो. स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो, लोह आणि जस्त असूनही मुळांना मिळत नाही. आपल्याकडे चुनखडीच्या रानातल्या उसावर केवडा पडतो, पानं पिवळी-पांढरी होतात आणि शेतकरी हिराकस देतो, ते याच कारणानं. आयडाहोच्या त्या रानात हिराकस द्यायला कोणी जात नाही, जे चुन्याशी जुळवून घेतं तेच उगवतं. पांढरा थर वर आलेला, माती उथळ, तिथं वीतभर-हातभर उंचीचं काळं सेजब्रश. जरा खोल माती मिळाली की झुडपं मोठी होतात आणि त्यांच्यामध्ये ब्लूबंच व्हीटग्रासचे ठोंब दिसतात.

आता जाडीकडे वळू. लेप किती जाड, हे काळावरही अवलंबून आहे. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या मातीवर काम करून गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन यांनी 1966 मध्ये चुना साठण्याच्या पायऱ्या मांडल्या: दगडाळ जमिनीत आधी गोट्यांवर तुटक पातळ लेप, मग सलग वेष्टन, मग गोट्यांमधल्या फटी भरतात आणि शेवटी सगळं सिमेंटसारखं घट्ट होऊन वर पाणीही शिरू न देणारी पापुद्र्यांची फरशी तयार होते. पुढे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणातल्या केनेथ पिअर्स यांनी लॉस्ट रिव्हर रांगेच्या दक्षिणेकडच्या आर्को गावाजवळच्या गोट्यांवरच्या लेपांची जाडी मोजून तिथल्या गाळाच्या पंख्यांची वयं ठरवली. रांगेच्या पायथ्याच्या प्रस्तरभंगानं, म्हणजे जमीन जिथं सरकते त्या भेगेनं, ज्या पंख्याला कापलं तो किती जुना आणि जो अखंड राहिला तो किती, हे कळलं की जमीन कधी सरकली याचा अंदाज बांधता येतो. तिथं हा प्रश्न पुस्तकी नाही. 28 ऑक्टोबर 1983 रोजी याच डोंगररांगेच्या पायथ्याशी 6.9 तीव्रतेचा भूकंप झाला आणि बोरा शिखराखालची जमीन कित्येक किलोमीटर फाटली. प्रस्तरभंगाचा दक्षिणेचा, आर्कोजवळचा तुकडा त्या दिवशी फुटला नाही.

लेप कुठल्या बाजूला आहे, यावरही बरंच कळतं. खड्ड्यातल्या एखाद्या गोट्याचं पांढरं पोट वर वळलेलं असेल, तर लेप बसल्यानंतर कोणीतरी त्याला हलवलं आहे: बीळ करणाऱ्या प्राण्यानं, उतारावरच्या घसरणीनं किंवा भूकंपानं. असे पांढरे गोटे उघड्यावर, पृष्ठभागावरच पसरलेले दिसले, तर मला ते सगळ्यात गंभीर लक्षण वाटतं. चुना वरवर तयार होत नाही. तो उघडा पडला याचा अर्थ त्याच्यावरची, पालापाचोळा कुजून जराशी काळसर झालेली, बी रुजवणारी माती वाहून किंवा उडून गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेकडच्या या रानांत गुरं आणि मेंढ्या बेसुमार शिरल्या. सरकारी रानातल्या चराईला आळा घालणारा टेलर कायदा आला तो 1934 मध्ये, तोवर कित्येक उतारांची वरची माती गेली होती. अशा जागी नुसतं ब्लूबंचचं बी फेकून भागत नाही, कारण त्या बियाला आता चुन्याच्या थरातच मूळ धरावं लागतं. म्हणून असं रान किती जनावरं पोसेल हे ठरवताना गवत मोजण्याआधी फावडं घ्यावं, खड्ड्याच्या भिंतीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडत खाली जावं आणि फेस जोरात कुठं उसळतो ती खोली लिहून ठेवावी.