सल्ला यंत्राचा, जबाबदारी कोणाची?



कुपत खोलीमच्या दवाखान्यात गेले की डॉक्टर आधी कॉम्प्युटरकडे पाहतात आणि मग आपल्याकडे, अशी तक्रार आपल्या समाजातील वडीलधारी मंडळी नेहमी करतात. तक्रार अगदीच खोटी नाही. परंतु त्या पडद्यामागे काय चालते हे समजून घेतल्याशिवाय तिचा न्यायनिवाडा करणे बरे नव्हे.

इस्राएलमध्ये १९९५ पासून राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा अमलात आहे आणि प्रत्येक रहिवासी चारपैकी कोणत्या तरी एका कुपाचा सभासद असतो. त्यामुळे एकेका माणसाच्या वर्षानुवर्षांच्या रक्ततपासण्या, औषधे व आजार यांची नोंद एका जागी साठत जाते. या साठ्यातून कॉम्प्युटर डॉक्टरला सुचवू शकतो की अमुक सभासदाला बोलावून घ्या, त्याची तपासणी लांबवू नका. मक्काबी कुपाच्या नोंदींवरून तयार झालेल्या अशा एका पद्धतीची माहिती २०१६ साली प्रसिद्ध झाली. वय, स्त्री की पुरुष, आणि नेहमीची रक्ततपासणी एवढ्यावरून ती आतड्याच्या कर्करोगाचा संशय कोणाबाबत घ्यावा हे सांगते. एखाद्याचे हिमोग्लोबिन ठरलेल्या मर्यादेतच असते, पण वर्षावर्षाला थोडे थोडे उतरत असते. घाईत असलेल्या डॉक्टरच्या नजरेतून ते सुटते, यंत्राच्या नजरेतून सुटत नाही. अशा साधनाने एकाचा जरी जीव वाचला तरी त्याला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मग प्रश्न कोठे येतो? यंत्र सल्ला देते, डॉक्टर तो ऐकतो आणि परिणाम रोगी भोगतो. या तिघांत निर्णय कोणी घेतला? माझे म्हणणे असे की पुष्कळसा निर्णय या तिघांच्याही आधी, ती पद्धत प्रथम बांधली जात असताना होऊन गेलेला असतो. म्हणून नीतीचा प्रश्नही तेथेच विचारला पाहिजे.

ही कल्पना नवी नाही. १९७२ साली इंग्लंडमधील लीड्स येथे डॉ. दे दोंबाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाएकी पोटात दुखू लागलेल्या ३०४ रोग्यांची लक्षणे कॉम्प्युटरला दिली. कॉम्प्युटरचे निदान ९१.८ टक्के रोग्यांत बरोबर निघाले, अनुभवी डॉक्टरांचे ७९.६ टक्क्यांत. त्याच दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे मायसिन नावाची पद्धत तयार झाली. जंतुसंसर्गावर कोणते औषध द्यावे हे ती सुमारे ६०० नियमांच्या आधारे सांगे, आणि १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत तिचा सल्ला तेथील प्राध्यापकांपेक्षा कमी दर्जाचा ठरला नाही. तरीही ती रोजच्या वापरात कधीच आली नाही. याची कारणे अनेक होती. त्यांतले एक म्हणजे, सल्ला चुकला तर जाब कोणाला विचारायचा याचे उत्तर कोणापाशी नव्हते. लीड्सची पद्धत पुढे कोपनहेगनच्या रोग्यांवर लावून पाहिली, तेव्हा ती तितकी अचूक उतरली नाही. एका गावच्या लोकांवर शिकलेले यंत्र दुसऱ्या गावी अडखळले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण आपला प्रश्न याच वाटेने पुढे जातो.

आता असे समजा की बेर शेवाच्या एका दवाखान्यासाठी आपल्यातलाच एखादा शिकलेला तरुण अशा पद्धतीचा कच्चा नमुना बांधीत आहे. मधुमेहाचा संभव कोणाला अधिक आहे हे ओळखून त्या सभासदांना आधी बोलवायचे, हे काम. तो प्रथम रकाने ठरवतो : वय, वजन, उंची, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, आईबापांना मधुमेह होता की नाही. मग जुन्या नोंदींचे दोन वाटे करतो. एका वाट्यावर यंत्राला शिकवतो आणि दुसरा झाकून ठेवून त्यावर त्याची परीक्षा घेतो. यंत्र प्रत्येक सभासदाला गुण देते. शेवटी तो एक रेघ ओढतो : या रेघेच्या वरच्यांना नर्स फोन करील, खालच्यांना नाही. दिसायला हे सगळे हिशेबाचे काम. पण त्यात तीन ठिकाणी नीती बसलेली आहे. मोजायचे काय, कोणाच्या मापाने मोजायचे, आणि रेघ कोठे ओढायची.

पहिले ठिकाण पाहू. अमेरिकेतील इस्पितळांत वापरात असलेल्या एका पद्धतीची तपासणी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अधिक काळजी कोणाला हवी हे ठरवायचे होते. आजारपण मोजणे कठीण, म्हणून पूर्वी झालेला खर्च हेच आजारपणाचे माप धरले गेले. पण काळ्या लोकांवर त्यांच्या आजाराच्या मानाने खर्चच कमी होत आला होता. परिणाम असा की सारखेच गुण मिळालेल्यांत काळे रोगी अधिक आजारी निघाले. चूक सुधारली असती तर जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचा वाटा १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेला असता. या पद्धतीत वंशाचा रकाना मुळी नव्हताच, हे विशेष. म्हणजे कोणाचे मूळ विचारले नाही एवढ्याने न्याय होतो असे नाही.

दुसरे ठिकाण आपल्या अगदी जवळचे. हृदयविकाराचा धोका मोजण्याची जी कोष्टके जगभर गेली, त्यांचा उगम अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली सुरू झालेल्या अभ्यासात आहे. त्यात आरंभी ५,२०९ स्त्रीपुरुष होते आणि ते जवळजवळ सारे युरोपीय वंशाचे. भारत, पाकिस्तान व बांगला देशातून ब्रिटनमध्ये गेलेल्या लोकांना हे माप लावले तेव्हा ते त्यांचा धोका कमी दाखवी. म्हणून तेथे २००८ साली आलेल्या नव्या कोष्टकात वांशिक गटाचा रकाना घालावा लागला. वजनाचेही तसेच. १७० सेंटिमीटर उंचीच्या आणि ६९ किलो वजनाच्या गृहस्थाचा देहभार अंक सुमारे २३.९ येतो. नेहमीच्या मापाने २५ च्या खाली म्हणजे सर्व ठीक. पण आशियाई लोकांत धोका २३ पासूनच वाढू लागतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात म्हटले आहे. दक्षिण आशियातील लोकांना मधुमेह कमी वयात व कमी वजनावर गाठतो, हे आता डॉक्टरांत सर्वमान्य आहे.

आपण बेने इस्राएल यांत कोठे बसतो? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासात आपल्या समाजात यहुदी व भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. दिमोना, लोद किंवा अश्दोदला वाढलेल्या तिसऱ्या पिढीच्या मुलाचे आईबापही इस्राएलमध्येच जन्मलेले असतात. नोंदीत केवळ जन्मस्थान असेल तर कॉम्प्युटरला तो ‘इस्राएल’ एवढाच दिसतो. आजी रेवदंड्याची की आजोबा पनवेलचे, हे यंत्राला कोण सांगणार? ६९ किलोचा तो गृहस्थ रेघेच्या खाली राहील आणि नर्सचा फोन त्याला येणार नाही.

तर मग मूळ विचारणारा रकाना घालावा, असे कोणी म्हणेल. येथे आपल्या समाजाच्या दुखऱ्या जागी बोट लागते. ‘तुमचे मूळ काय?’ हा प्रश्न आपल्याला १९६२ साली विचारला गेला होता. रब्बीमंडळाच्या आदेशाने आपल्या मुलामुलींच्या विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी होऊ लागली. दोन वर्षे समाज झगडला, यरुशलेममध्ये आपल्या माणसांनी ठिय्या दिला, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने आपण सर्व बाबतींत यहुदीच आहोत असे जाहीर केले. ज्यांनी ते दिवस भोगले, त्यांनी सरकारी कागदावरचा वंशाचा रकाना पाहून भुवया उंचावल्या तर त्यांना मागासलेले म्हणू नये. त्यांना ठाऊक आहे की एकदा लिहिलेला रकाना कोणत्या टेबलावर जाईल याचा नेम नसतो.

या पेचाला पवित्र शास्त्रातच आधार सापडतो. निर्गमाच्या पुस्तकात इस्राएलाची गणती होते ती अर्ध्या शेकेलने. प्रत्येकाने आपल्या हाताने नाणे द्यायचे, श्रीमंताने अधिक नाही आणि गरिबाने कमी नाही, आणि ते धन निवासमंडपाच्या सेवेसाठी. ही गणती मरीपासून रक्षण व्हावे म्हणून सांगितलेली आहे. उलट दावीद राजाने गणती केली ती तलवार धरणारे किती हे कळावे म्हणून. यवाब सेनापती नको नको म्हणत असता केली, आणि मरीत ७०,००० माणसे पडली. मोजणे दोन्हीकडे होते. पण पहिल्या गणतीत माणूस स्वतः देतो, सर्वांचा मान सारखा राहतो आणि जे दिले त्याचा उपयोग आधी सांगितलेला असतो. दुसरीत राजा आपल्या कामासाठी माणसे मोजतो आणि त्यांना काही विचारत नाही.

हाच निकष आपल्या तरुणाने नमुना बांधताना लावावा. मुळाचा रकाना असावा, पण तो सभासदाने स्वतः भरावा, कोरा ठेवण्याची मुभा असावी, आणि तो फक्त तपासणीला बोलावण्यासाठी वापरला जाईल, लग्न, नोकरी वा विमा यांच्या टेबलावर जाणार नाही, असे बंधन त्या पद्धतीतच घातलेले असावे. ‘मागून पाहू’ म्हणून हे पुढे ढकलता येत नाही. घर बांधून झाल्यावर पाया हलवता येत नाही.

तिसरे ठिकाण रेघेचे. रेघ खाली ओढली तर निरोगी माणसांनाही फोन जातील, वर ओढली तर आजारी माणसे सुटतील. दोन्ही चुका एकदम टाळता येत नाहीत. कोणती चूक सोसायची हे गणित सांगत नाही. येथे योम किप्पुर, म्हणजे आपल्या जुन्या बोलीतला दारफाळणीचा सण, आपल्याला मार्ग दाखवतो. आजारी माणसाने त्या दिवशी खावे की नाही, याची चर्चा तालमूदात योमा या भागात आहे. डॉक्टर म्हणाला खायला हवे आणि रोगी म्हणाला नको, तर डॉक्टरचे ऐकावे. रोगी म्हणाला मला हवे आणि डॉक्टर म्हणाला गरज नाही, तर रोग्याचे ऐकावे. आपल्या अंतरीचे दुःख आपल्यालाच कळते, हे त्याचे कारण दिले आहे. शंभर डॉक्टर विरुद्ध असले तरी रोग्याचेच ऐकावे, असेही एक मत तेथे आहे. म्हणजे थोर कोण हे शास्त्र येथे पाहत नाही. जीव जपा असे जो म्हणतो, त्याचे वजन अधिक.

यंत्राला हा नियम लावला तर तो असा होतो : यंत्र म्हणाले तपासा, तर तपासावे. यंत्र म्हणाले गरज नाही, पण डॉक्टरला शंका आहे किंवा रोगी म्हणतो मला बरे वाटत नाही, तरीही तपासावे. यंत्राच्या ‘नको’ने कोणापुढेही दार बंद होता कामा नये.

या नियमाला किंमत आहे हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या इस्पितळात रक्तदोषाचा इशारा देणारी एक पद्धत तपासली गेली आणि तिचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. तिने इस्पितळातील १८ टक्के रोग्यांबद्दल इशारे दिले, आणि तरीही खरोखर तो रोग झालेल्यांपैकी दोनतृतीयांश तिच्या हातून सुटले. दिवसभर घंटा वाजत राहिली की नर्स ती ऐकेनाशी होते. विनाकारण बोलावलेल्या माणसाची रात्रीची झोप जाते. तेव्हा ‘सर्वांनाच बोलवा’ हे उत्तर नव्हे. रेघ विचारपूर्वक ओढावी, ती कोणी व का ओढली हे लिहून ठेवावे आणि वर्षा दोन वर्षांनी ती पुन्हा तपासावी. यंत्राचा सल्ला डॉक्टरने मोडला तर त्याचे कारण लिहावे, मानला तरी नाव त्याचेच राहावे. ‘कॉम्प्युटरने सांगितले’ हे उत्तर रोग्याच्या घरच्यांना देता येत नाही, कारण कॉम्प्युटर त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू शकत नाही.

आपण सामान्य माणसांनीही दोन गोष्टी कराव्यात. दवाखान्यात गेल्यावर आपले आईबाप, आजीआजोबा कोठले हे डॉक्टरला आपण होऊन सांगावे, ते कळल्यावर वजनाचे माप बदलते का असे विचारावे. यात लाजण्यासारखे काही नाही. आणि आपली जी मुले या कामात आहेत, त्यांच्याशी घरी जेवताना या विषयावर बोलावे. त्यांना यंत्राचे ज्ञान आहे. रकाना भरताना माणसाच्या मनात काय येते, हे त्यांना आपणच सांगू शकतो.

परमेश्वर आपणा सर्वांना उत्तम आरोग्य देवो.