खोक्याचे इमान

इमान हा शब्द आपण माणसाला लावतो, फार तर कुत्र्याला. लाकडाच्या खोक्याला तो लावण्याचे धाडस इंग्रजीने केले. ‘हाय-फाय’ म्हणजे ‘हाय फिडेलिटी’, आणि फिडेलिटी म्हणजे इमान, निष्ठा. आपल्याकडे मात्र या शब्दाचे नशीब निराळेच निघाले. ‘ती मंडळी भारीच हाय-फाय आहेत हो!’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या मंडळींच्या निष्ठेविषयी आपल्याला काहीच सुचवायचे नसते. त्यांच्या पडद्यांविषयी आणि चहाच्या कपबशांविषयी सुचवायचे असते. गेल्या वर्षी मी घरासाठी स्पीकरची एक जोडी निवडायला निघालो आणि दोन महिने एकाच प्रश्नापाशी अडून बसलो. या खोक्याने इमान राखायचे ते कोणाशी?

सोपे उत्तर असे, की गाणाऱ्याशी. पण गाणारा खोक्यापर्यंत पोचतच नाही. पोचते ते ध्वनिमुद्रण. ते कोणीतरी कुठल्याशा खोलीत, कुठल्याशा मायक्रोफोनपुढे केलेले असते, आणि करणाऱ्याने आपल्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकून आपल्या कानाला पटेल असे ते जुळवलेले असते. त्याचा स्पीकर कसा होता हे तुम्हां-आम्हांला कळायला मार्ग नाही. कॅनडात अनेक वर्षे याच विषयावर संशोधन करणाऱ्या फ्लॉइड टूल यांनी याला गोंधळाचे वर्तुळ म्हटले आहे. मुद्रण पारखायचे स्पीकरवर आणि स्पीकर पारखायचा मुद्रणावर! सोन्यासाठी कसोटी आणि कसोटीसाठी सोने, अशातली गत.

मला हवे होते ते लहान स्पीकर. इंग्रजीत ज्यांना ‘बुकशेल्फ’ म्हणतात ते. पूर्वी खर्जाचा स्वर नीट ऐकायचा तर कपाटाएवढे खोके लागे. कारण सरळ आहे. स्वर एक सप्तक खाली आला, की तेवढ्याच जोराने ऐकू येण्यासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावे लागते. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी खोके हवाबंद केले, आत कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून घेतला, आणि फळीवर मावेल एवढ्या पेटीतून खोल स्वर काढून दाखवला. तेव्हापासून फळीवरचे स्पीकर घरोघर गेले. गंमत अशी, की आज कोणाही जाणत्याला विचारा, तो सांगेल की पुस्तकांच्या फळीवर हे ठेवू नका. भिंतीपासून दोन हात पुढे, तिवईवर, बसल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!

व्हिल्चर यांचे म्हणणे मला मनापासून पटते. वाद्य निराळे आणि वाद्याचा आवाज पोचवणारे यंत्र निराळे, असे ते मानीत. सतारीला स्वतःचा गोडवा असावा. स्पीकरला तो असता कामा नये. निरोप्याने निरोप सांगावा, त्यात आपली साखर घालू नये. तत्त्व म्हणून हे इतके स्वच्छ आहे की त्यावर वाद घालायला जागाच दिसत नाही. परंतु तत्त्वे स्वच्छ असतात ती बहुधा दुकानात पाऊल टाकीपर्यंतच.

दुकानदार मोठा अगत्यशील होता. ‘काका, डोळे मिटून ऐका,’ म्हणाला. हे तो नकळत फार शहाणपणाचे बोलला. १९९४ साली टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी अमेरिकेतल्या हार्मन कंपनीच्या चाळीस कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर आधी पडद्याआडून आणि मग समोर ठेवून ऐकवले. समोर दिसू लागताच मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले आणि लहानखुऱ्या प्लास्टिकच्या स्पीकरांचे घसरले. आवाज तोच, खोली तीच. मधला पडदा तेवढा गेला. मुलगी पाहायला गेलेल्या मंडळींसारखे आपले कान डोळ्यांच्या तोंडाकडे पाहून बोलतात म्हणायचे! शिवाय दोन स्पीकरांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तोच आपल्याला अधिक चांगला वाटतो. हा किंचितपणा इतका सूक्ष्म असतो की आवाज वाढला असे जाणवतही नाही; नुसता ‘यात जीव आहे’ असा भास होतो.

आणि गाणारा माणूस खुद्द शेजारी उभा केला तर? तेही करून झाले आहे. १९१५ पासून पुढे दहा वर्षे एडिसनच्या कंपनीने अमेरिकेच्या गावोगावी असे जलसे केले. रंगमंचावर गायिका आणि तिच्या बाजूला ग्रामोफोन. मध्येच अंधार करायचा, गायिकेने थांबायचे, तबकडीने गाणे पुढे न्यायचे, आणि दोहोंतला फरक कळला का, असे लोकांना विचारायचे. लोक फसत. आज त्या तबकड्या ऐकल्या तर ते कसे फसले याचे नवल वाटते. उलगडा पुष्कळ वर्षांनी त्या जलशांतल्या अ‍ॅना केस या गायिकेनेच केला. आपला आवाज यंत्रासारखा वाटावा म्हणून ती तो तसा लावीत असे. यंत्राने माणसाशी इमान राखण्याऐवजी माणसानेच यंत्राशी राखले. मला ही हकीकत हसण्यावारी नेववत नाही. आपण सगळेच थोडेबहुत असे करतो. फोटोतल्यासारखे दिसू लागतो, पत्रिकेतल्यासारखे वागू लागतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. दुकानात मी सोबत एक मुद्रण नेले होते. माझ्या आत्याचे गाणे. ती बैठकीत कधी गायली नाही. त्या काळात घरंदाज बाईने घरात गावे आणि घरातच थांबावे. तिचा ऐन उमेदीतला आवाज माझ्या लहानपणीच्या कानांत आहे, पण तो कोठे धरून ठेवलेला नाही. जे आहे ते १९८४ सालचे, साठी उलटल्यावरचे, दम्याने बेजार झाल्यानंतरचे. चाळीस मिनिटांची एक कॅसेट. वडिलांनी आमच्याच घरी टेपरेकॉर्डर सतरंजीवर ठेवून ती भरली. तंबोऱ्यावर आई होती. पुढे भाच्याने ती संगणकावर उतरवून दिली. एके काळी काळी चारमध्ये गाणारी आत्या तोपर्यंत काळी दोनवर उतरली होती.

स्पीकर पारखायला तंबोऱ्यासारखी दुसरी कसोटी नाही, असे माझे ठाम मत आहे. दुकानात ढोल वाजवून दाखवतात, काच फुटल्याचे आवाज ऐकवतात. आपल्या घरात रोज काच फुटत नाही. काळी दोनचा षड्ज १५६ हर्ट्झच्या जवळ, म्हणजे खर्जाची तार ७८ च्या आसपास. पाच इंची पडद्याचा स्पीकर तिथे थकायला लागतो. तरी खर्ज ऐकू येतो; कारण जवारीमुळे त्या तारेतून वरच्या स्वरांची एक रांगच उठते, आणि तेवढ्या खुणांवरून मूळ स्वर आपला कान मनाने भरून काढतो. तंबोऱ्याच्या तारांच्या या नवलावर १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी लिहिले आहे. न लावलेला गांधार ऐकू येतो तो याच रांगेतला. तेव्हा तंबोरा वाजत असताना जो स्पीकर ती रांग विस्कटतो, तो गवयाचेही खरे सांगत नाही, असे खुशाल समजावे.

पहिल्या जोडीवर आत्या गायला लागली आणि माझी पत्नी म्हणाली, ‘अहो, या तर आपल्या आत्याच!’ आवाजाला भरघोसपणा होता. तंबोरा मधासारखा दाट होता. धाप लागल्याची खूण नव्हती. जिला मी लहानपणी माजघरात ऐकले होते, जवळजवळ तीच.

दुसरी जोडी दिसायला साधी होती. तिच्यावर तंबोऱ्याच्या तारा सुट्या झाल्या आणि एक थोडी उतरलेली आहे हे कळले. आत्याचा श्वास ऐकू आला. सतराव्या मिनिटाच्या सुमारास एक तान अर्ध्यावर सोडून ती समेवर येते. ती का सोडते हेही कळले. आणि त्यानंतर, चाळीस वर्षांत आमच्यापैकी कोणी न ऐकलेले एक वाक्य ऐकू आले. ती अगदी हलक्या आवाजात आईला म्हणते, ‘वहिनी, आता नाही हो जमत.’ आई बोलत नाही. तंबोरा चालू राहतो.

चमत्कार यात काही नाही. पहिल्या जोडीत खालचे स्वर फुगवलेले होते, आणि फुगलेला खालचा स्वर वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. तिथेही ते वाक्य होतेच. त्याच्यावर दुलई होती.

घरी आल्यावर आमचा वाद झाला. मी म्हणालो, दुसरी जोडीच खरी. पत्नी म्हणाली, ‘खरी कोणाच्या हिशेबी? समोर सतरंजीवर बसलेल्या माणसालासुद्धा ते ऐकू गेलं नसेल. तो मायक्रोफोन तोंडाशी होता म्हणून सापडलं. आत्या आपल्याशी बोलत नव्हत्या, वहिनीशी बोलत होत्या. आपण दाराआडून ऐकतोय.’

हा मुद्दा मला झटकून टाकता आला नाही, आणि अजूनही येत नाही. माणसाचा कान सभ्य असतो. गवयाने धाप टाकली तर तो ती ऐकून न ऐकल्यासारखी करतो, पाहुणीच्या पातळाचे ठिगळ डोळा पाहून न पाहिल्यासारखे करतो तसा. मायक्रोफोनला ही रीतभात नाही. मग जो स्पीकर त्याने पकडलेले सगळेच पुढे ठेवतो तो इमानी म्हणावा की चहाडखोर? पहिल्या जोडीची गोडी खोटी होती. पण खोटेपणाने का होईना, ती बैठकीतल्या माणसासारखी वागत होती.

या बाबतीत मला बीबीसीच्या एका छोट्या स्पीकरने बराच विचार करायला लावला. त्याचे नाव एल-एस-थ्री-फाइव्ह-ए. १९७० च्या दशकाच्या आरंभी बाहेरच्या ध्वनिक्षेपणासाठी ज्या गाड्या हिंडत, त्यांतल्या चिंचोळ्या जागेत बसावा म्हणून तो बीबीसीच्या संशोधन विभागाने बनवला. उंची जेमतेम एक फूट. ओळखीच्या माणसाचे साधे बोलणे ही त्या अभियंत्यांची आवडती कसोटी होती. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा आवाज त्याच्यासारखा वाटला पाहिजे. पन्नास वर्षांनंतरही लोक सचोटीचा नमुना म्हणून त्याचे नाव घेतात. आणि त्याच स्पीकरच्या खालच्या पट्टीत, सव्वाशे हर्ट्झच्या आसपास, एक हलका फुगवटा आहे. जो खोल स्वर एवढ्याशा पेटीतून निघणे शक्य नाही, त्याचा थोडा भास त्यामुळे होतो. मोजमापात आयुष्य घालवलेल्या माणसांच्या डोळ्यांखालून तो गेलेला आहे. म्हणजे पूर्ण निर्मळ कोणीच नाही. लहान खोक्यात जग मावत नाही. काय सोडायचे आणि कशाची भरपाई करायची हे कोणालातरी ठरवावेच लागते. पण त्यांनी भरपाई केली ती आवाज ओळखू यावा एवढ्यापुरती, मोठेपणा मिरवण्यासाठी नव्हे. हा फरक मला मोलाचा वाटतो, जरी आलेखावर तो केवळ एका टेकडीच्या उंचीचा दिसतो. (चिरंजीव आलेखच पाहतात. त्यांच्या मते आम्ही दोघे भावनेच्या भरात वाहवत जातो.)

शेवटी मी दुसरी जोडी घेतली, आणि माझा युक्तिवाद अगदी व्यवहारी होता. खऱ्या स्पीकरवर मला वाटेल तेव्हा मी आवाज मवाळ करू शकतो. त्यासाठी बटण आहे, दुसऱ्या खोलीत जाऊन ऐकण्याची सोय आहे. गोड स्पीकरमधून मात्र त्याने गिळलेले वाक्य मला कधीच परत काढता येणार नाही. दुसरे असे, की पहिल्या जोडीवर मी ऐकत होतो ती आत्या नव्हती. माझी आठवण होती. आठवणीला स्पीकर लागत नाही. ती अंथरुणावर पडल्या पडल्याही ऐकता येते. स्पीकर घ्यायचा तर तो, माझ्या आठवणीत नसलेले काही सांगणारा. आत्याला आपले गाणे ओसरल्याचे कळत होते, आणि तरीही पुढची तेवीस मिनिटे ती गायली, हे मला त्या खोक्यामुळे कळले. आई काही न बोलता तंबोरा छेडत राहिली, हेही. आईचे काहीच ध्वनिमुद्रण आमच्याकडे नाही असे मी इतकी वर्षे समजत होतो.

पत्नीला हे सारे पटले असे मी म्हणणार नाही. ‘तुम्हाला ऐकायचंय, ऐका,’ एवढेच ती म्हणाली.

केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हे पुष्कळांना ठाऊक असेल. सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी, सोबत सुई, आणि ती कशी लावायची याची आकृती. स्पीकर पाठवलेला नाही. तो ज्याचा त्याने शोधायचा आहे. तिकडेही कोणी दोन महिने दुकाने धुंडाळील आणि त्याचेही घरात पटणार नाही.

आमचे स्पीकर आता पुस्तकांच्या कपाटापुढे तिवयांवर उभे आहेत. भिंतीपासून पुढे आणल्यामुळे मधली वाट अडते आणि केर काढताना ते रोज हलतात, म्हणून मी फरशीवर खडूने खुणा करून ठेवल्या आहेत. दर दिवाळीत भाऊबीजेला आत्या आमच्याकडे येत असे, तेव्हा यंदा त्या दिवशी जेवणानंतर तिची कॅसेट लावायची असे ठरले आहे. एरवीही रविवारी सकाळी कधीमधी लावतो. पत्नी शेजारी बसून ऐकते. सतरावे मिनिट जवळ आले, की ती चहा ठेवायला उठते. मी बसून राहतो.