लाल पेन्सिल

"काका, दुसऱ्याची चूक सुधारणं हे चांगलं काम की आगाऊपणा?"

माझ्या पुतणीने गेल्या गणपतीत मला हा प्रश्न विचारला तेव्हा मी तिसऱ्या मोदकाशी होतो. मोदक खाताना माणसाने तत्त्वज्ञान सांगू नये असा माझा नियम आहे. शिवाय हा प्रश्न तिने नेमका मलाच विचारावा, यात मला थोडी खोचही वाटली. चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झालो. लाल पेन्सिल हे माझे हत्यार. त्या हत्याराने मी किती 'परिक्षा' दीर्घ केल्या आणि किती 'दीन' दिवसांचे दैन्य घालवले याची गणती नाही. तेव्हा मी म्हटले, "चांगलं काम. त्यात विचारायचं काय?" आणि चौथ्या मोदकाकडे वळलो.

परंतु पोरगी हटेना. तिची हकीगत मला ऐकावीच लागली, आणि ऐकल्यावर माझे उत्तर मला वाटले तितके पक्के राहिले नाही.

ती पुण्याला संगणकाच्या कचेरीत नोकरी करते. आपल्या घरांतली बँकेची, रेल्वेची, फोनची जी कामे आज संगणकावर चालतात, त्यांच्या पोटात पुष्कळसे सॉफ्टवेअर असे असते की ज्याला कुणी एक मालक नाही. त्याला 'ओपन सोर्स' म्हणतात. गावच्या विहिरीसारखा हा प्रकार. पाणी कुणीही भरावे, आणि ज्याला वाटेल त्याने उतरून गाळही काढावा. मात्र काठावर एक राखणदार असतो. तुम्ही त्या सॉफ्टवेअरची प्रत घ्यायची, तीत हवा तो बदल करायचा आणि 'हा बदल मूळ प्रतीत घ्यावा' अशी त्याला विनंती करायची. त्याला पटले तर तो घेतो. कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणते अक्षर बदलले याची नोंद कायमची राहते. ही नोंदवही ठेवणारे 'गिट' नावाचे साधन लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या गृहस्थाने २००५ साली तयार केले. मौज अशी की, अमुक ओळ कुणी लिहिली हे शोधून काढण्याची त्यात जी आज्ञा आहे, तिचे नाव आहे 'ब्लेम'. ब्लेम म्हणजे ठपका! चांगल्या ओळीचा कर्ताही ठपक्याच्याच वाटेने सापडायचा. आम्हां शिक्षकांच्या हे मनात आले नाही याचे मला नवल वाटते.

तर या सॉफ्टवेअरबरोबर ते कसे वापरावे हे सांगणारी माहितीपत्रके असतात. तीही अशीच दहाजणांनी लिहिलेली, आणि म्हणून चुकांनी भरलेली. माझी पुतणी मिरजेच्या मराठी शाळेतून थेट इंजिनिअरिंगला गेली. पहिल्या वर्षी असेच एक पत्रक वाचताना तिला 'फॉर्म' असा शब्द दिसला. सर्व्हरचा काही तरी फॉर्म. तिने इमानेइतबारे तो फॉर्म शोधायला सुरुवात केली. कुठे मिळतो, कुठे भरायचा, त्याला सही कुणाची लागते? सबंध संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी वरच्या वर्गातल्या एका मुलीने सांगितले की, अगं, हा 'फ्रॉम' आहे, टंकणाऱ्याची दोन अक्षरे उलटी पडली आहेत! सर्व्हरकडून काही मागवा, एवढेच तिथे म्हणायचे होते.

आपण हसतो. पण यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याची जन्मभाषा इंग्रजी आहे तो अशी चूक न दिसताच पुढे जातो. त्याचा डोळा ती आपोआप सुधारतो. अडतो तो शब्दकोश उघडून बसलेला. चुकीचे स्पेलिंग कोशात सापडत नाही आणि सापडलेच तर भलत्याच अर्थाचे सापडते. म्हणजे शुद्धलेखन हे विद्वानांचे चोचले आहेत हा जो समज आहे, तो मला उलटा वाटतो. विद्वानाला अशुद्ध चालते. शुद्धाची खरी गरज आहे ती नवख्याला.

पुढे नोकरी लागल्यावर तिने ती दोन अक्षरे सुलटी करून पाठवली. दोन दिवसांत आभाराचे पत्र आले आणि बदल मूळ प्रतीत गेला. तिला एवढा आनंद झाला की पगाराच्या पहिल्या दिवशीही झाला नसेल. मग काय, चटक लागली. दुसऱ्या एका पत्रकात तिने आठवड्याभरात तीस-चाळीस दुरुस्त्या पाठवल्या. एका वेळी एक अक्षर. तेव्हा तिथल्या राखणदाराने लिहिले की, आपल्या दुरुस्त्या बरोबर आहेत, पण प्रत्येक वेळी मला हातातले काम टाकून पाहावे लागते. कृपा करून सगळ्या एकत्र पाठवा, आणि शक्य असल्यास लोकांच्या तक्रारी पडून आहेत त्यांतली एखादी सोडवा.

एवढ्यावरून ती हिरमुसली होती. "मी चूक बरोबर केली ना? मग?"

मी तिची बाजू घेतली. त्यानंतर मात्र तिनेच मला दुसऱ्या बाजूच्या गोष्टी सांगितल्या. हॅक्टोबरफेस्ट नावाचा एक उत्सव २०१४ पासून दर ऑक्टोबरात भरतो. महिन्याभरात चार बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळायचा. हेतू उत्तम. पण २०२० साली काय झाले, हजारो उत्साही मंडळी बाहेर पडली, आणि कुणी पत्रकाच्या मथळ्यापुढे 'अप्रतिम' असा शब्द जोडून, तर कुणी नुसती मोकळी जागा सोडून ते पाठवू लागली. बिचारे राखणदार सकाळी उठून पाहतात तो दारात ही रास. त्यांतले कितीतरी बिनपगारी राबणारे. अखेर पहिल्या दोनतीन दिवसांतच नियम बदलावा लागला, की ज्यांनी होऊन आमंत्रण दिले असेल त्यांच्याच घरचे बदल मोजले जातील. फुकटच्या सदऱ्यासाठी माणूस काय करील हे मला लग्नाच्या पंगतींवरून ठाऊक होते. पण यात एक पेच आहेच. सदऱ्यासाठी दुरुस्त केलेली खरी चूकही दुरुस्तच होते. ते पत्रक वाचणाऱ्या एखाद्या मिरजेच्या मुलीला सुधारणाऱ्याच्या मनात काय होते याच्याशी काय कर्तव्य?

मग हेतू पाहूच नये का? तिथे २०२४ च्या मार्चमध्ये उघडकीला आलेले प्रकरण आडवे येते. 'एक्सझेड' नावाचे, फायली दाबून लहान करण्याचे एक साधन आहे. ते वर्षानुवर्षे एकच गृहस्थ फावल्या वेळात सांभाळीत होता, आणि थकला होता. तेव्हा 'जिया टॅन' या नावाने कुणी मदतीला आले. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने बारीकसारीक, उपयोगी दुरुस्त्या केल्या, विश्वास संपादला, राखणदारीत वाटा मिळवला, आणि मग गुपचूप एक चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त का लागतो अशी शंका आली, म्हणून तो सापडला. याच मंडळींच्या करणीत पुढे आणखी एक गोष्ट दिसली. संरक्षणाची एक सोय यंत्रात आहे की नाही हे तपासणाऱ्या मजकुरात एक टिंब घातलेले होते. त्या टिंबामुळे ती तपासणी प्रत्येक वेळी फसायची आणि सोय आपोआप बंद राहायची. पाहणाऱ्याला वाटावे, टंकताना चुकून बोट पडले. एक टिंब! आमच्या भाषेत ज्याला आपण अनुस्वार म्हणून हयातभर भ्यालो, तेवढेच.

आणि चुकून पडलेली जागाही कमी नव्हे. २०११ साली 'बम्बलबी' नावाच्या एका सॉफ्टवेअरच्या मांडणीच्या आज्ञेत एका फोल्डरच्या नावानंतर एक मोकळी जागा जादा सुटली. काढायचा होता आतला एक कोपरा. यंत्राने आज्ञा शब्दशः पाळली आणि सबंध मोठा फोल्डर पुसून टाकला. तेव्हा 'एका अक्षराने काय बिघडते' असे म्हणणाराशी मी यापुढे वाद घालणार नाही. त्याला ही गोष्ट सांगेन.

पण चूक म्हणजे तरी काय? इंटरनेटवर आपण एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलो की आपण कुठून आलो हे नव्या पानाला कळवणारी एक नोंद जाते. तिचे नाव 'रेफरर'. इंग्रजीत त्या शब्दाच्या मध्ये दोन 'आर' हवेत. मूळ सूचना लिहिताना एकच पडला. कुणाच्या लक्षात येईपर्यंत सगळी यंत्रे तसेच लिहू लागली होती. १९९६ साली नियम छापला गेला तो त्याच रूपात. आज कुणी शुद्धलेखनाच्या आवेशाने तिथे दुसरा 'आर' घातला तर ती यंत्रे ती नोंद ओळखणार नाहीत. तिथे चूक हीच शुद्ध, आणि सुधारणा ही चूक. पुढे त्याच कुळातली दुसरी एक नोंद आली, तिचे स्पेलिंग मात्र बरोबर ठेवले. आता दोघी बहिणी शेजारी शेजारी नांदतात, एक एका 'आर'ची, एक दोन 'आर'ची.

हे ऐकताना मी मोदक खायचा थांबलो. कारण मला माझ्या वडिलांची कार्डे आठवली.

वडील चौथीपर्यंत शिकले होते. त्यांच्या गुरुजींनी 'शेतांत', 'घरांत', 'पाऊस पडला असें कळलें' असे सगळे अनुस्वार छडीच्या जोरावर शिकवले होते, आणि ते त्यांनी आयुष्यभर सांभाळले. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे चौदा नियम केले, १९७२ साली त्यांत आणखी चार घातले. हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. वडिलांना ते कुणी कळवले नाही. १९७३ साली मी कॉलेजात होतो, वसतिगृहात राहत होतो, मराठीचा विद्यार्थी होतो आणि नवे नियम मला तोंडपाठ होते. वडिलांचे एक कार्ड आले. बैल आजारी आहे, आईला बरे आहे, पैसे पुढल्या आठवड्यात पाठवतो. शेवटी 'आशिर्वाद', शि ऱ्हस्व. मी लाल पेन्सिल घेतली, टिंबे खोडली, 'आशिर्वादा'भोवती गोल केला, आणि पाकिटात घालून कार्ड परत पाठवले. विनोद म्हणून. निदान त्या वेळी मी मित्रांना तसे सांगितले.

पुढचे कार्ड आले ते शेजारच्या नववीतल्या मुलाच्या हस्ताक्षरात. त्यापुढची सगळी तशीच. त्यांत एकही चूक नसे.

पुतणीला मी हे सांगितले नव्हते. तिला मी डोनाल्ड नूथ या गणितज्ञाची गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक होती. आपल्या ग्रंथातली चूक पहिल्याने दाखवणाऱ्याला तो दोन डॉलर छप्पन्न सेंटांचा चेक पाठवी. लोक तो वटवीत नसत, चौकटीत घालून भिंतीवर लावीत. २००८ पासून त्याने खरे चेक बंद केले आणि एका काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रे सुरू केली. आणि नाथांची गोष्ट सांगितली. नकलाकारांच्या हातून ज्ञानेश्वरीत शिरलेली अशुद्धे एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली काढली. शेवटी शक लिहिला, संवत्सर लिहिले, आपले नाव लिहिले. तिच्या नोंदवहीत असते तेवढे सगळे. आणि यापुढे कुणी यात पदरची ओवी घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली.

"पण काका, नाथांना ज्ञानेश्वरांनी कुठे बोलावलं होतं सुधारायला?" ती म्हणाली.

याला उत्तर मला सुचले नाही. ज्ञानेश्वरांची चूक त्यांनी सुधारली नव्हती, मधल्या हातांची सुधारली होती, असे मी म्हणू शकलो असतो. पण मग तिने विचारले असते की, या पत्रकांत मूळ हात कुठला आणि मधला कुठला, तर पुन्हा पंचाईत.

"त्या राखणदाराला काय लिहिलंस?" मी विचारले.

"अजून काही नाही. सगळ्या एकत्र करून पाठवणार आहे. आणि एक तक्रार घेतली आहे सोडवायला. अवघड आहे. पण तुम्ही सांगा ना, मला राग का आला?"

मी उठलो आणि आतल्या खोलीतून वडिलांची पत्र्याची पेटी काढली. ते गेल्यावर सातबाराचे उतारे आणि सारा भरल्याच्या पावत्यांबरोबर ते कार्ड मला तीत सापडले होते. लाल खुणांसकट. खाली उरलेल्या कोऱ्या जागेत त्यांनी शिसपेन्सिलीने 'आशीर्वाद', 'आशीर्वाद', 'आशीर्वाद' असे पाच वेळा लिहून पाहिले होते. पाचही वेळा बरोबर.

पुतणीने ते बराच वेळ पाहिले. मग एका लाल रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "हा 'शेतांत'वरचा अनुस्वार का खोडलात? तेव्हा तो बरोबर होता ना?"

"त्यांच्या शाळेत होता," मी म्हटले.